चक्करेवर कसलं आलंय संशोधन?

‘चक्करेवर कसलं आलंय संशोधन? बाटली चढवा, इंजेक्शन द्या, संध्याकाळी माणूस शेतात.’ परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे कशावर संशोधन व्हावं, निधी कशाला मागावा, असा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. कॅन्सरवर करा, किडनीवर करा, पण चक्कर, तोल आणि डोळ्यांच्या हालचाली यांवर सरकारी पैसा कशाला? चांगली शिकलेली माणसं असं म्हणतात तेव्हा संताप येतो, कारण ज्या बाटलीच्या भरवशावर ती बोलतात तिने ही चक्कर बरी होतच नाही.

वारंवार येणाऱ्या, गरगरवणाऱ्या चक्करेचं सगळ्यात नेहमीचं कारण कानात असतं. अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण एका पडद्याला चिकटलेले असतात. ते निसटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की कूस बदलताना किंवा फडताळावरचा डबा काढायला मान वर करताना घर फिरू लागतं. हा झटका बहुधा मिनिटभरात थांबतो, म्हणजे रिक्षा दवाखान्यात पोचायच्या आधीच. पुष्कळांचा आजारही काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, आणि श्रेय मिळतं बाटलीला. सलाईन म्हणजे मीठपाणी, त्याने कानातला कण जागचा हलत नाही. मे महिन्यात रानात राबून अंगातलं पाणी आटलेल्या माणसाला सलाईन लागते हे खरंच, पण तो त्रास वेगळा आणि हा वेगळा.

वेगळा आहे हे कळतं डोळ्यांवरून. रुग्णाला खाटेवर बसवायचं, मान एका बाजूला पंचेचाळीस अंश वळवायची आणि डोकं खाटेच्या कडेखाली थोडं लोंबेल असं झटकन आडवं करायचं. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं गोल वळत ठोके दिल्यासारखी हलू लागतात, वेग वाढतो, ओसरतो आणि मिनिटाच्या आत सगळं शांत होतं. डिक्स आणि हॉलपाइक यांनी ही तपासणी १९५२ मध्ये मांडली. डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण पुन्हा जागेवर नेण्याची युक्ती अमेरिकेतल्या जॉन एपली यांनी १९८० मध्ये दाखवली. सहकाऱ्यांना ते पटेना, त्यांचा गाजलेला शोधनिबंध छापून यायला १९९२ उजाडलं. आज हा उपचार काही मिनिटांत होतो, औषधाशिवाय. आपल्याकडे मात्र रुग्णाला आडवं करून डोळे बघण्याआधीच गोळ्यांची चिठ्ठी हातात पडते.

या सगळ्याचं मूळ आणखी मागे जातं. व्हिएन्नात कानांचे डॉक्टर रॉबर्ट बारानी कानात पाणी सोडत असताना रुग्ण चक्कर आल्याची तक्रार करायचे. पाणी गार असलं की डोळे एका दिशेने ठोके द्यायचे, कोमट केलं की उलट दिशेने. या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते रशियनांच्या कैदेत युद्धकैदी होते.

आणि हे ज्ञान फक्त कानापुरतं नाही. तासन्‌तास न थांबणारी चक्कर कधी कधी लहान मेंदूतल्या पक्षाघाताची असते. ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात २००९ मध्ये १०१ रुग्णांचा अभ्यास छापून आला. प्रशिक्षित डॉक्टरने डोळ्यांच्या तीन साध्या चाचण्यांवरून ओळखलेले काही पक्षाघात सुरुवातीच्या एमआरआयमध्ये दिसलेच नव्हते. रात्री जिल्ह्यातल्या पालमहून निघालेल्या रुग्णाच्या दृष्टीने या माहितीची किंमत काय, हे ‘कसलं संशोधन’ म्हणणाऱ्यांनी सांगावं.

संशोधन म्हणजे काय हे परभणीला नव्याने शिकवायला नको. इथल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ भेंडी दिली ती भेंडीच्या एका रानटी भाईबंदाशी संकर करून आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करून. केवडा रोगाला दाद न देणारं वाण एका हंगामात निघत नसतं. तेव्हा भेंडीवर कसला खर्च, असं कुणी म्हणालं नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण अभिमानाने म्हणतो, तर जर्मनीने काय केलं तेही बघावं. म्युनिकच्या विद्यापीठात २००९ मध्ये चक्कर आणि तोल यांच्या विकारांसाठी खास केंद्र उभं राहिलं ते तिथल्या केंद्र सरकारच्या संशोधन निधीतून.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘मानेचा मणका झिजला म्हणून चक्कर येते’: चाळिशीनंतर झीज पुष्कळांच्या एक्स-रेत दिसते, त्यांतल्या बहुतेकांना चक्कर येत नाही. ‘चक्करेची गोळी कितीही दिवस घ्यावी’: सिनारिझिनसारखी औषधं महिनोन्‌महिने चालू ठेवली तर वयस्करांचे हात थरथरू लागतात, चाल मंदावते. ‘टीबीच्या इंजेक्शनांनी फार तर ऐकू कमी येतं’: स्ट्रेप्टोमायसिनने तोलाची यंत्रणाच कायमची जाऊ शकते. असा तोल गमावलेल्या एका डॉक्टरने १९५२ मध्ये लिहून ठेवलंय की नाडीच्या ठोक्यानेही अक्षरं उडायची, म्हणून खाटेच्या दोन गजांत डोकं अडकवून वाचावं लागे.

‘संशोधनाचा पैसा रुग्णांच्या औषधातून कापतात’: केंद्रात आरोग्य संशोधनाचा विभाग वेगळा आहे, त्याची तरतूदही वेगळी. ‘देश संशोधनावर उधळतोय’: २०२०-२१ मध्ये सगळ्या क्षेत्रांतला मिळून खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. ‘आता पन्नास हजार कोटी आलेत’: अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या त्या पाच वर्षांच्या आकड्यातले सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून यावेत, अशी अपेक्षा आहे.

‘निधी दिल्ली-पुण्यालाच मिळतो’ हेही खरं नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकाचा प्रस्ताव घेते. १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची शिष्यवृत्तीही देते. त्या दोन महिन्यांत बाह्यरुग्ण विभागात बसून चक्कर घेऊन आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारता येईल: आजवर तुम्हाला आडवं करून कुणी तुमचे डोळे पाहिलेत का? याला यंत्र लागत नाही, एक खाट, एक वही आणि एक मार्गदर्शक पुरतो. हा प्रस्ताव परभणीतूनच जायला हवा.