मॉडेल बायप्लेन : बांधणी, तोल आणि कारागिराची जबाबदारी

सुतारकाम, पतंगसाजी, शिवणकाम, पत्र्याचे बारीक काम या धंद्यांत आपल्या समाजातील हजारो कुटुंबे आहेत. अहमदाबादच्या जमालपुरातील पतंगवाला बांबूची कामटी बोटावर तोलून कोठे तासायची ते सांगतो, तेव्हा तो वास्तविक विमानविद्येचाच एक नियम वापरत असतो. या हुनराला कामी येईल असा एक व्यवसाय फारसा कोणाच्या लक्षात आलेला नाही. तो म्हणजे रेडिओवर चालणारी मॉडेल विमाने बांधून देणे. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग हा शिकवण्याचा विषय आहे, अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्पर्धांसाठी विमाने बांधतात आणि हौशी मंडळी तर मोठ्या शहरांत सर्वत्र आहेत. यांतील बहुतेकांना उडवण्याची हौस असते, बांधण्याची सवड नसते.

या कामात सर्वांत अवघड आणि म्हणूनच चांगला मोबदला मिळवून देणारा प्रकार म्हणजे बायप्लेन, अर्थात एकावर एक असे दोन पंख असलेले जुन्या पद्धतीचे विमान. एक पंख सरळ बसवणे सोपे आहे. दोन पंख एकमेकांशी, धडाशी आणि शेपटीशी सरळ बसवणे हे काम हातोटीचे आहे. त्याची माहिती येथे ‘टायगर मॉथ’ या प्रसिद्ध विमानाच्या आधारे देत आहोत.

टायगर मॉथ हे इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीचे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान. त्याचे पहिले उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१ रोजी झाले. त्याच्या आधीचे भावंड ‘जिप्सी मॉथ’ आपल्याकडे जास्त गाजले. हिंदुस्थान आणि इंग्लंड यांमधील अंतर कोणत्याही दिशेने एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा १९३० मध्ये जे. आर. डी. टाटा, अस्पी इंजिनिअर आणि मनमोहन सिंग यांनी जिप्सी मॉथवरूनच प्रयत्न केले. बक्षीस अस्पी इंजिनिअर यांना मिळाले. पुढे टायगर मॉथवर हिंदी हवाई दलाचे कितीतरी वैमानिक तयार झाले.

या विमानाच्या रचनेतील एक गोष्ट कारागिराने ध्यानात घ्यावी. पुढच्या बैठकीवरील शिक्षकाला संकटकाळी पॅराशूट घेऊन बाहेर पडता यावे म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवण्यात आला. त्यामुळे विमानाचा तोल बिघडला. तो सावरण्यासाठी पंखांची टोके मागे वळवली. टायगर मॉथचे पंख मागे कललेले दिसतात ते शोभेसाठी नाही. एक वस्तू हलवली की दुसरीने तिचा हिशेब चुकता करावा लागतो, हा बायप्लेनचा स्वभाव आहे.

आता आकार ठरवू. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार २९ फूट ४ इंच आहे. एकास सात या प्रमाणात मॉडेल केले तर विस्तार सुमारे १२८ सेंटीमीटर, लांबी १०४ सेंटीमीटर आणि पंखाची रुंदी १९ सेंटीमीटर होते. हे प्रमाण निवडण्यास कायद्याचेही कारण आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानेही येतात. त्यांत २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचे यान ‘मायक्रो’ गटात धरले असून हौसेखातर ते उडवणाऱ्याला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून सर्व सामानासह वजन १,८०० ग्रॅमच्या आसपास ठेवावे. मात्र नोंदणी, उड्डाणास मोकळे असलेले क्षेत्र आणि स्थानिक पोलिसांचे मनाई हुकूम यांची चौकशी उडवण्यापूर्वी करावीच. मुंबईत असे हुकूम वेळोवेळी निघत असतात. शिवाय वरील सवलत पैसे घेऊन उडवण्यास लागू नाही. तेव्हा कारागिराने बांधून द्यावे आणि चाचणीचे उड्डाण मालकाने किंवा प्रमाणपत्रधारकाने करावे, हे उत्तम.

लाकूड बाल्सा वापरतात. ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील इक्वाडोर देशातून येते. एकाच गठ्ठ्यातील दोन पट्ट्यांच्या वजनात दुपटीचा फरक पडू शकतो, म्हणून प्रत्येक पट्टी वजनकाट्यावर घालूनच निवडावी. कडक व जड पट्टी पंखाच्या आडव्या दांड्यांना, म्हणजे स्पारला लावावी. सर्वांत हलकी पट्टी शेपटीसाठी राखून ठेवावी. टायगर मॉथचे नाक आखूड आणि शेपटी लांब आहे. शेपटीत वाढलेला एक ग्रॅम तोलण्यासाठी नाकात सुमारे तीन ग्रॅम शिसे घालावे लागते. शेपटीला मजबुती यावी म्हणून सढळ हाताने सरस लावणारा कारागीर त्याच सरसाची तिप्पट किंमत नाकात मोजतो.

शेपटीवरून आठवले. नवव्या शतकात कुर्तुबा येथे अब्बास इब्न फिरनास यांनी पंख लावून उड्डाण केले, पण उतरताना त्यांच्या पाठीला इजा झाली. सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी यांनी याचे कारण नोंदवून ठेवले आहे. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो आणि इब्न फिरनास यांनी शेपटी केलीच नव्हती.

आता मुख्य काम, सरळ बसवणी. धड पूर्णपणे सपाट आणि जाड फळीवर टेकू देऊन पक्के करावे. खालचा पंख आधी बसवावा आणि पुढची सर्व मापे त्याच्यावरून घ्यावीत. शेपटीच्या मागच्या खांबाला टाचणी टोचून तिला न ताणणारा दोरा बांधावा आणि तो डाव्या व उजव्या पंखाच्या टोकापर्यंत न्यावा. दोन्ही अंतरांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. मग वरचा पंख त्याच रीतीने. दोन पंखांमधील उभे खांब डावे-उजवे एकत्र बांधूनच कापावेत, म्हणजे त्यांच्या लांबीत फरक राहणार नाही.

यानंतर पंखाचा कोन. फळीपासून पंखाच्या पुढच्या कडेची उंची आणि मागच्या कडेची उंची मोजावी. १९ सेंटीमीटर रुंदीवर एक अंश म्हणजे जेमतेम सव्वातीन मिलिमीटर. म्हणजे दीड मिलिमीटरची चूक झाली की अर्धा अंश गेला आणि अर्ध्या अंशाचा फरक हवेत स्पष्ट दिसतो. हे माप प्रत्येक पंखावर मुळाशी आणि टोकाशी, डावीकडे आणि उजवीकडे, असे आठ ठिकाणी घेऊन कागदावर लिहावे. आराखड्यात वरच्या व खालच्या पंखाचा जो कोन दिला असेल तोच ठेवावा, अंदाजाने बदलू नये. टायगर मॉथमध्ये वरचा पंख पुढे असतो. वेग फार कमी झाल्यावर पुढच्या पंखाचा जोर आधी संपला तर नाक आपोआप खाली येऊन विमान सावरते. मागच्याचा आधी संपला तर नाक वर उठते आणि मग सावरणे कठीण जाते.

पंखांमधील तारा शोभेच्या असतील तर लवचीक दोरा वापरावा. खरी पोलादी तार ताणण्याच्या भरात चांगला सरळ पंख वाकडा झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

कापड किंवा गरम केल्यावर आकसणारी फिल्म चढवताना इस्त्री आधी मंद ठेवावी. एका बाजूला ताण दिला की लगेच दुसऱ्या बाजूला तेवढाच द्यावा, अन्यथा पंख पिळतो. शिंपीकाम जाणणाऱ्याला हे सांगण्याची गरज नाही. आवरण पूर्ण झाल्यावर ती आठ मापे पुन्हा घ्यावीत. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात बाल्सा ओल धरतो, म्हणून त्या दिवसांत आठवड्याने आणखी एकदा मोजावे.

तोलाचा बिंदू काढताना पुष्कळ जण गोंधळतात, कारण पंख दोन आणि तेही मागे कललेले. सोपी रीत अशी. वरच्या पंखाची एका बाजूची लांबी मोजून तिच्या मध्यावर पुढच्या कडेला खूण करावी. खालच्या पंखालाही तशीच खूण करावी. विमानाकडे बाजूने पाहिले की या दोन खुणा पुढे-मागे दिसतात. त्यांच्या बरोबर मध्ये एक उभी रेघ कल्पावी. त्या रेघेपासून मागे पंखाच्या रुंदीचा पाव भाग, म्हणजे आपल्या मॉडेलमध्ये पावणेपाच सेंटीमीटर, हा पहिल्या उड्डाणासाठी सुरक्षित बिंदू. साडेपाचच्या मागे जाऊ नये. बॅटरी जागेवर ठेवून, वरच्या पंखाला दोऱ्याने टांगून पाहावे. धड आडवे किंवा नाकाकडे किंचित झुकलेले राहिले पाहिजे. शिसे घालण्याआधी बॅटरी पुढे सरकवून पाहावी, ते वजन फुकटचे आहे. मग नाक व शेपटी धरून विमान उचलावे. ज्या बाजूचा पंख खाली जाईल त्याच्या विरुद्ध टोकात थोडे वजन घालावे.

मोटर, बॅटरी आणि रेडिओ यांविषयी थोडक्यात. किलोमागे सुमारे २०० वॅटची मोटर या विमानाला पुरते. ती दोन अंश उजवीकडे आणि दोन अंश खाली झुकवून बसवावी. मोटर जोरात असताना विमान डावीकडे व वर ओढले जाते, त्याचा हा उतारा आहे. लिथियम बॅटरी चार्ज होत असताना तिच्याजवळून हलू नये. सर्व्होचे हात मध्यावर काटकोनात ठेवून दांड्यांची लांबी अशी जुळवावी की ट्रान्समीटरवरील ट्रिमची सर्व बटणे शून्यावर असताना सर्व पडद्या सरळ राहतील. टायगर मॉथमध्ये एलेरॉन फक्त खालच्या पंखाला असतात. ते खाली कमी आणि वर जास्त हलतील असे जोडावे, नाहीतर वळताना नाक उलट दिशेला जाते. काठी उजवीकडे केली की उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. हे तपासायला अर्धा मिनिट लागतो आणि ते न तपासल्यामुळे विमाने पहिल्याच झेपेत मोडतात.

पहिले उड्डाण पहाटेच्या शांत हवेत, गवताच्या मैदानावर, वाऱ्याच्या समोर करावे. उडवणारा दुसरा असला तरी कारागिराने वही घेऊन हजर राहावे. उंची घेतल्यावर मोटर निम्म्यावर आणून आधी एलेरॉन, मग रडर, शेवटी एलिव्हेटर असे ट्रिम करावे. नंतर मोटर बंद करून विमान घसरत आणावे. जोरात सरळ आणि मोटर बंद केल्यावर नाक वर किंवा खाली, असे झाले तर दोष बहुधा मोटरच्या कोनात असतो. मग बेताच्या उतारावर सोडून हात काढून घ्यावा. विमान झटकन वर उसळले तर नाक जड आहे. आणखीच खाली जाऊ लागले तर शेपटी जड आहे, लगेच सावरून उतरावे. उतरताना मोटर एकदम बंद करू नये. दोन पंख, खांब आणि तारा यांमुळे बायप्लेनला हवेचा अडथळा फार, वेग क्षणात संपतो.

येथे कारागिराची खरी कसोटी आहे. समजा, डावा पंख अर्धा अंश पिळलेला आहे. ट्रिमचे बटण चार टिचक्या दाबले की विमान सरळ जाऊ लागते. गिऱ्हाईक खूष, पैसेही मिळतात. परंतु ट्रिमने झाकलेला पीळ फक्त त्याच वेगाला झाकलेला असतो. उतरताना वेग कमी झाला की तोच पंख खाली जातो, तेही जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, जेव्हा सावरायला जागा नसते. धान्याच्या ढिगात हात घालून रसूलुल्लाह (स.) यांनी आतला ओला भाग ओळखला आणि तो वर का ठेवला नाही असे विक्रेत्याला विचारले, ती हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. चार टिचक्यांखालचा पीळ हे आतले ओले धान्यच होय. म्हणून उतरल्यावर ट्रिम किती लागला ते पाहावे. एक-दोन टिचक्या असतील तर दांडीची लांबी बदलून बटण पुन्हा शून्यावर आणावे. जास्त असतील तर विमान फळीवर घेऊन आठ मापे पुन्हा काढावीत आणि पंखच सरळ करावा.

व्यवहाराची बाजूही पक्की हवी. मागणीनुसार वस्तू बनवून देण्याचा करार आपल्या फिकहमध्ये ‘इस्तिस्ना’ या नावाने मान्य आहे. त्यात वस्तूचे वर्णन आणि किंमत स्पष्ट असावी लागते. तेव्हा प्रमाण, कमाल वजन, आवरणाचा प्रकार, मोटर व रेडिओ कोणाचा, किंमत आणि मुदत हे आधी लिहून दोघांनी सही करावी. बाल्सा व इतर सामानाचे पैसे आगाऊ घ्यावेत. मजुरी तासांवर धरावी आणि मोजमाप व चाचणीचे तास त्यात न विसरता घालावेत. नवे कारागीर नेमके हेच तास सोडतात आणि मग धंदा परवडत नाही म्हणतात. पहिल्या उड्डाणात मोडतोड झाली तर बांधणीतला दोष कारागिराकडे आणि उडवण्यातली चूक उडवणाऱ्याकडे, हे कलम स्वतंत्र असावे.

विमान सुपूर्द करताना सोबत एक कागद द्यावा. त्यावर आठही मापे, प्रत्यक्ष वजन, तोलाच्या बिंदूचे अंतर, बॅटरीची जागा, प्रत्येक पडदीची हालचाल मिलिमीटरमध्ये आणि शेवटच्या चाचणीनंतरचा ट्रिम लिहावा. त्याची एक प्रत आपल्या वहीत ठेवावी. वर्षभराने तेच विमान दुरुस्तीला आले, तर काय हलले हे त्या कागदावरून कळते.