घरातली वस्तू आणि पडद्यावरची वस्तू

घरातला तांब्या, कंदील, पाटा-वरवंटा चित्रपटात जाऊन बसतो तेव्हा त्याचे काय होते, ते आज सांगावयाचे आहे. मी चित्रपटाचा पंडित नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पण सेटवर सामान ने-आण करणाऱ्या पोरांचे तंटे सोडवता सोडवता ही विद्या कानावर पडली. या सामानाला ते ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. नावाने मालमत्ता, पण सांभाळणाऱ्याच्या मालकीचा त्यात एक चमचाही नसतो!

वस्तुतः आपल्याकडे चित्रपटाचा पाळणाच घरात हलला. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या अंकुराची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपली आणि तो तुकडा दाखवून भांडवल मिळवले. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) घडत असता सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून उन्हाचा उजेड नटांवर पाडीत आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. आज त्या एकेका कामाला वेगळा माणूस लागतो, व त्याला रोज द्यावा लागतो.

विलायतेत 1963 साली ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेत डालेक नावाचे यंत्रराक्षस आले. त्यांच्या एका हाताच्या टोकाला काय होते? मोरी तुंबली म्हणजे आपण वापरतो तो रबरी पंप! तिथे वस्तूने भलतेच सोंग घेतले. आपल्याकडे तिला बहुधा स्वतःचेच सोंग घ्यावे लागते, आणि माझ्या मते ते अधिक अवघड.

1933 साली कोल्हापुराहून पुण्यास आलेल्या ‘प्रभात’ने हे ओळखले होते. दामले-फत्तेलालांच्या ‘संत तुकाराम’मध्ये (1936) आवलीचा संसार खरा वाटतो तो तिच्या तोंडच्या बोलीइतकाच तिच्या भोवतीच्या जिनसांमुळे. शांतारामबापूंच्या ‘कुंकू’त (1937) पार्श्वसंगीत नव्हते, घरात जे आवाज व्हावयाचे तेवढेच. त्यामुळे जरठ नवऱ्याच्या घरातले मोठे घड्याळ नटाच्या बरोबरीने बोलते.

परंतु वस्तू आपण होऊन बोलत नाही. चिंचेने लख्ख घासलेले पितळेचे पातेले दिव्यापुढे नुसते डोळे दिपवते. म्हणून त्यावर साबणाचा किंवा मेणाचा हात फिरवून त्याचे तेज मारावे लागते. नवा कागद जुना करावयाचा तर चहाच्या पाण्यात बुडवून वाळवावा. घरी जे मळवले म्हणून बोलणी खावी लागतात तेच येथे कसब ठरते! शिवाय चित्रण क्रमाने होत नाही. पेल्यात सोमवारी निम्मे पाणी होते, तर गुरुवारीही निम्मेच हवे. तांब्याचा पोचा त्याच बाजूला हवा. हे ध्यानात ठेवणे हीच प्रॉपर्टीवाल्याची खरी मजुरी.

आता एका बरणीची हकिगत. काही वर्षांमागे एका मालिकेसाठी चिनी मातीची बरणी हवी होती. भाड्याची आली ती तडकलेली. सामानातला एक पोरगा धावत कसब्यातल्या घरी गेला, आईचे लोणचे डब्यात काढले आणि बरणी घेऊन आला. तीन दिवस ती फळीवर मिरवली. चौथ्या दिवशी दिव्याचा खांब कलंडला आणि ती फुटली. प्रसंग अर्धा राहिला, दोन तास गेले, आणि त्या पोराचा त्या दिवसाचा रोज कापला!

मी गेलो. व्यवस्थापक म्हणाले, “बरणी आमच्या यादीत नाही, भरपाई कसली?” मी म्हटले, “साहेब, यादीत नाही तर ती सांभाळण्याची जबाबदारी याच्यावर कोणत्या यादीने आली?” चित्रपट कामगाराशी लेखी करार करावा असे सांगणारा कायदा संसदेने 1981 साली केला खरा, पण तेव्हा मालिकांचा धंदा जन्मायचाच होता, ‘हम लोग’ आली 1984 साली. पोराच्या हाती कागदाचा चिटोराही नव्हता. दीड तास वाद झाला. रोज परत मिळाला. बरणीचे पैसे मिळाले नाहीत.

तो भाग लागला त्या रात्री मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो होतो. माउलीने शेजारणी गोळा केल्या होत्या. “ती बघा दादा, माझी बरणी!” नायिकेच्या खांद्यामागे ती शाबूत उभी होती. पुढच्याच दृश्यात फळीवर दुसरी बरणी आली. ते तिने तत्काळ ओळखले. बाकी कोणाच्या ध्यानात आले नाही.