ओतलेल्या बिडाला पुन्हा भट्टी

लोहार विळ्याचं पातं लाल करतो, पाण्यात बुडवतो आणि धार टणक होते. विळ्याला पाणी देणं खेड्यात कुणालाही माहीत असतं. तेच पाणी लालभडक बिडाच्या तुकड्याला दिलं, तर टणकपणा येण्याआधी बहुधा तडा येतो. पोलाद आणि बीड दोन्ही मुळात लोखंड आणि कार्बनच. तरी एकाला जे मानवतं ते दुसऱ्याला बाधतं. फाउंड्रीच्या धंद्यात मात्र 'हीट ट्रीटमेंट' हे अजूनही सर्व रोगांवरचं औषध समजलं जातं. जॉब कडक निघाला, हीट ट्रीटमेंटला पाठवा. मऊ निघाला, तरीही पाठवा. भट्टीची बिडावरची सत्ता मोठी आहे, पण तिला एक पक्की हद्द आहे, आणि ती ओळखूनच या विषयात काही घडलेलं आहे.

पोलादात कार्बन दोन टक्क्यांच्या आत असतो, बहुतेकदा एक टक्क्याच्याही खाली. बिडात तो साधारण अडीच ते चार टक्के, आणि जोडीला एक ते तीन टक्के सिलिकॉन. इतका कार्बन घट्ट झालेल्या लोखंडात मावत नाही. रस साधारण 1150 अंश सेल्सिअसला गोठताना जास्तीचा कार्बन ग्राफाइट होऊन वेगळा पडतो. नेहमीच्या ग्रे बिडात हे ग्राफाइट पातळ पोह्यांसारख्या वाकड्यातिकड्या पापुद्र्यांनी पसरतं. पापुद्र्याला स्वतःची ताकद जवळजवळ नसते आणि त्याची टोकं धारदार असतात, त्यामुळे ताण आला की चीर तिथूनच सुरू होते. म्हणून ग्रे बीड दाब सोसतं त्याचा तिसरा-चौथा हिस्साच ओढ सोसतं. त्याच पापुद्र्यांमुळे ते कंपनं गिळतं, लेथवर लांब कातळी न निघता भुसा निघतो, आणि घासणाऱ्या पृष्ठभागाला थोडं वंगणही मिळतं. लेथचा बेड आणि गाडीची ब्रेक डिस्क ग्रे बिडाची असते ती याच गुणांमुळे.

रस फार झपाट्याने थंड झाला किंवा सिलिकॉन कमी पडलं, तर ग्राफाइट सुटत नाही. कार्बन लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट होतो, आणि मोडल्यावर पांढरं चमकणारं, काचेसारखं ठिसूळ बीड मिळतं. कास्टिंगच्या पातळ कडांना टर्नर ज्याला 'चिल' म्हणून शिव्या घालतो, ते हेच. इंग्लंडमध्ये इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी 1803 मध्ये हा दोषच कामाला लावला. नांगराच्या फाळाची खालची बाजू त्यांनी साच्यातच लवकर थंड केली. ती पांढरी, कडक झाली. वरची मऊ बाजू आधी झिजत गेली आणि फाळ चालता चालता आपोआप धारदार राहू लागला.

हे ग्राफाइट ज्या धातूत रुतलेलं असतं, त्याला आधारधातू म्हणू. भट्टीची हुकमत या आधारधातूवर चालते. तो फेराइट असला तर मऊ, पर्लाइट असला तर मजबूत, मार्टेन्साइट असला तर कडक आणि ठिसूळ. भट्टी त्याला एका रूपातून दुसऱ्यात नेऊ शकते. एकदा गोठलेल्या पापुद्र्याचा मात्र ती गोळा करू शकत नाही, कितीही तास तापवा. त्यासाठी पुन्हा वितळवावंच लागेल.

हे लक्षात घेतलं की नेहमीच्या प्रक्रियांचे हिशेब सरळ होतात. ताण काढणं ही त्यातली सर्वांत निरुपद्रवी आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. जाड-पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने थंड झाल्याने कास्टिंगमध्ये अंतर्गत ताण अडकतो. यंत्रण झालं की जॉब वाकतो. सुमारे 550 अंशांवर, जाडीच्या दर इंचाला साधारण तासभर ठेवून भट्टीतच सावकाश थंड केलं, तर यातला बराच ताण निघतो आणि ताकदीला धक्का लागत नाही. 600 च्या वर गेलं की पर्लाइट फुटू लागतो आणि कडकपणा उतरतो. पूर्वी यंत्रांचे बेड महिनोन् महिने उन्हापावसात टाकून 'मुरवत'. त्या प्रथेबद्दल जुन्या लोकांना फार जिव्हाळा असतो, पण तिने ताणाचा फार थोडा भाग निघतो.

मऊ करण्यासाठी साध्या ग्रे बिडाला 700 ते 760 अंश पुरतात. चिल मोडायचा तर 900 च्या पुढे जावं लागतं. टूल सुखाने चालतं, पण त्याची किंमत द्यावी लागते: भट्टीत असं पूर्ण मऊ केल्यावर, म्हणजे पूर्ण अनीलिंगनंतर, ओढ सोसण्याची ताकद एक-चतुर्थांशाने घटू शकते. 'एफजी 260' या ताकदीच्या प्रतीचा म्हणून ओतलेला जॉब मऊ करून घेतला, तर तो 260 चा राहिला असं गृहीत धरू नये. कडक करण्याची कथा याहून अवघड. बीड पाण्याऐवजी तेलात विझवतात, कारण पाण्याचा झटका पापुद्र्यांच्या टोकांना सोसत नाही. तेलात विझवूनही कडकपणा वाढतो आणि ओढीची ताकद उलट घसरते. नंतर टेम्परिंग करून, म्हणजे पुन्हा बेताने तापवून, ती पुष्कळशी परत मिळवावी लागते. म्हणजे ग्रे बिडाचं हार्डनिंग ताकदीसाठी नसतंच, झीज थांबवण्यासाठी असतं. लेथच्या बेडचे घासणारे मार्ग ज्योतीने किंवा इंडक्शनने वरवरचे कडक करतात आणि खालचं बीड तसंच ठेवतात, ते याचमुळे.

भट्टीने ग्राफाइट घडवल्याचं एक उदाहरण मात्र आहे, आणि तिथे सुरुवात पांढऱ्या बिडापासून होते. फ्रान्सच्या रेओमूर यांनी 1722 मध्ये ओतीव लोखंड मऊ करण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला. ठिसूळ पांढरी कास्टिंग्ज लोहभस्मासारख्या पदार्थांत पुरून ते दिवसचे दिवस तापवत. कार्बन कास्टिंगमधून निघून जाई. अमेरिकेत नेवार्कच्या सेथ बॉयडन यांनी 1826 च्या सुमारास तोच मार्ग धरला, पण त्यांच्या बिडात कार्बन निघून न जाता आतच सुटा झाला, गुठळ्यांच्या रूपात. पापुद्रे नाहीत म्हणजे धारदार टोकं नाहीत. तुकडा मोडायच्या आधी वाकू लागला. चीनमध्ये मात्र इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातच शेतीची ओतीव अवजारं अशी तापवून चिवट केली जात. आपल्या घरात नळाच्या जोडाला जो जस्त चढवलेला एल्बो किंवा टी लागतो, तो याच मॅलिएबल बिडाचा. दोष एकच: आधी 900 च्या वर तास न् तास, मग 700 पर्यंत मुंगीच्या पावलांनी उतार. जुन्या कोळशाच्या भट्ट्यांत एका घाण्याला आठवडा सहज जाई.

म्हणून 1948 हे वर्ष महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये हेंटन मॉरो यांनी सेरियम घालून, आणि अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या कीथ मिलिस व सहकाऱ्यांनी मॅग्नेशियम घालून, रस गोठतानाच ग्राफाइट गोलाकार मिळवल्याचं तेव्हा जाहीर झालं. शेकडा 0.04 च्या आसपास मॅग्नेशियम पुरतं. ज्यासाठी भट्टी आठवडाभर जळत असे, ते काम लॅडलमध्ये काही मिनिटांत होऊ लागलं. औंध संस्थानातल्या जमिनीवर 1910 मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर काढले ते या शोधाच्या कितीतरी आधी. आज कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावात 'एसजी ओततो', म्हणजे हे गोल ग्राफाइटचं बीड ओततो, असं सहज म्हणतात.

ग्राफाइटचे गोळे झाल्यावर भट्टीची खरी किंमत कळली. आधारधातूची ताकद आता पापुद्रे वाया घालवत नव्हते. ओतलेलं एसजी बीड 400 ते 800 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ओढ सोसतं. तेच 850 ते 950 अंशांवर तापवून तेलाऐवजी वितळलेल्या क्षारात, 235 ते 400 अंशांच्या मध्ये, झटकन उतरवलं आणि तिथेच तास-दोन तास धरून ठेवलं, तर 900 पासून 1600 पर्यंतच्या प्रती मिळतात. ही ऑस्टेम्परिंग पद्धत. तिचं बीज बेन आणि डेव्हनपोर्ट यांच्या पोलादावरच्या 1930 मधल्या कामात आहे. ऑस्टेम्पर केलेल्या बिडाचे धंदेवाईक भाग 1970 च्या दशकात आले आणि पुढे गिअरपर्यंत पोचले. असा भाग पोलादाहून सुमारे दहा टक्क्यांनी हलकाही असतो. क्षाराचं तापमान वर ठेवलं की चिवटपणा जास्त, खाली ठेवलं की कडकपणा जास्त. 900 ची प्रत तुटण्याआधी नऊ टक्के ताणली जाते, 1600 ची जेमतेम एक टक्का.

इथे सवलत कुठेच नाही. जाड भाग क्षारात पुरेसा लवकर थंड झाला नाही तर मध्येच पर्लाइट बनतो, म्हणून बिडात निकेल, तांबं, मॉलिब्डेनम घालावं लागतं. क्षारात फार वेळ ठेवलं तर कार्बाइड पडून चिवटपणा जातो. मापं थोडी वाढतात, आणि झाल्यावर टूलखाली पृष्ठभाग आणखी कडक होत जातो. म्हणून यंत्रण बहुतेक आधीच उरकतात. ऑस्टेम्परिंगसाठी जॉब घेणारा जाणकार त्यामुळे आधी सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो मागतो: गोळे किती गोल, चौरस मिलिमीटरला किती, कुठे कार्बाइड राहिलंय का. फोटोत पापुद्रे दिसले तर तो भट्टी पेटवत नाही.