यादीत पहिलं नाव कुणाचं?

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरला येणारा जाणता प्रवासी हे दोन वार सांभाळूनच मुक्काम ठरवतो. त्याला हवी असते रात्रीपुरती खोली, किंवा डॉर्मिटरीतली एक खाट. तो मोबाइलवर शहराचं नाव टाकतो आणि पापणी लवायच्या आत स्टेशन रोड, सिडको, जालना रोड इथल्या हॉटेलांची यादी त्याच्यापुढे येते. ही यादी आधीपासून कुठेही लिहून ठेवलेली नसते. ती त्या क्षणी, त्याच्या तारखांसाठी जुळवलेली असते. शेजारी बसलेल्या मित्राने दुसऱ्या तारखा टाकल्या, तर नावं बहुधा तीच निघतील, पण त्यांचा क्रम वेगळा असू शकेल.

मुळात एखादा लॉज यादीत येतो तरी कसा? यादी दाखवणाऱ्या कंपनीचा माणूस गल्लोगल्ली हिंडून चांगले लॉज निवडतो, असा अनेकांचा समज आहे. खरं तर मालक स्वतःच नाव नोंदवतो. पत्ता, फोटो, खोल्या, दर आणि बँकेचं खातं देतो, कमिशन कबूल करतो. बुकिंग डॉट कॉम या संकेतस्थळाचं कमिशन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास असतं. उलाढाल कमी म्हणून ज्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, अशा छोट्या लॉजलाही इथे दार उघडं आहे, कारण संकेतस्थळावरून गेलेल्या त्याच्या खोलीवरचा कर कायद्याने संकेतस्थळानेच भरायचा असतो. परदेशी पाहुण्याची गोष्ट निराळी. तो उतरला की २४ तासांत ठरलेला फॉर्म भरून सरकारला कळवावं लागतं. ज्या लॉजने ही सोय केलेली नाही, तो पुण्याच्या पाहुण्याला खुला आणि जपानहून वेरूळ बघायला आलेल्याला बंद, असं होऊ शकतं.

म्हणजे यादी हे शहराचं पूर्ण चित्र नव्हे. पदमपुऱ्यात केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाचं युवा वसतिगृह आहे. घृष्णेश्वराच्या भाविकांना आसरा देणाऱ्या धर्मशाळा आहेत. अशा जागा यादीत सहसा सापडत नाहीत. जिथे दरच इतका कमी, तिथे कमिशनचे १५ टक्के काढणार कुठून?

आता खरी नवलाची गोष्ट. नाव नोंदवलेल्या सगळ्या जागांतून पहिली कुठली दाखवायची? हे पडद्याआडचं गणित २०१३ साली थोडं उघड्यावर आलं. हॉटेल आरक्षणाच्या एक्स्पीडिया या कंपनीने ग्राहकांची ओळख काढून टाकून आपल्या शोधांची प्रचंड नोंद एका खुल्या स्पर्धेसाठी दिली. त्या नोंदीच्या रकान्यांत काय काय होतं! माणूस किती दिवस आधी शोधतोय, किती रात्री राहणार, मुक्कामात शनिवारची रात्र येते का, मुलं किती, खोल्या किती. हॉटेलचे तारे, पाहुण्यांनी दिलेले गुण, त्या दिवसाचा दर. आणि शेवटी, लोकांनी कशावर बोट ठेवलं आणि पैसे कशाला दिले. यंत्राला अजिंठ्याचा पद्मपाणी ठाऊक नाही, वेरूळचं कैलास लेणं ठाऊक नाही. तरीही कुठल्या वारी कुठली खोली जाते, हे ते अनोळखी माणसांच्या बोटांवरून शिकत जातं. आपण एखाद्या हॉटेलवर बोट ठेवतो, तेव्हा पुढच्या प्रवाशाची यादी किंचित सरकवत असतो. या यादीच्या कर्त्यांत आपणही आहोत, हे कळल्यावर मी थक्क झालो.

पण इथे एक पेच पडतो. वरचा लॉज चांगला म्हणून त्यावर बोट पडतं, की तो वर आहे म्हणून? याचं उत्तर त्याच नोंदीत दडलेलं होतं. एक्स्पीडियाने काही शोधांना मुद्दाम चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कसलाही निकष न लावलेली यादी दाखवली होती. रालुका उर्सू या संशोधिकेने या नोंदीचा अभ्यास २०१८ साली ‘मार्केटिंग सायन्स’ या नियतकालिकात मांडला. वरच्या जागेमुळे लोक हॉटेल उघडून बघतात, हे खरं निघालं. पण एकदा उघडून बघितल्यावर ते घ्यायचं की नाही, हे त्या जागेवर ठरत नाही. मला हा निष्कर्ष फार दिलासा देणारा वाटतो. यंत्र आपली नजर वळवतं, निवड अजून आपलीच राहते.

मात्र जे यादीतच नाही, त्यावर नजर जाणार कशी? १९ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो समूहाला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ओयोशी केलेल्या करारापायी मेकमायट्रिपने फॅबहॉटेल्स आणि ट्रीबो यांची हॉटेलं आपल्या यादीवरून उतरवली, असा आयोगाचा निष्कर्ष होता. पाहुण्यांचे शेरे, फोटो, दर यांतलं काहीच इथे कामाला आलं नाही. दोन कंपन्यांमधल्या करारापुढे सगळं गणित बाजूला पडलं. म्हणूनच नुसतं यंत्राचं कौतुक करून थांबणं मला पटत नाही. बुकिंग डॉट कॉमवर नावापुढे दिसणारी अंगठ्याची खूणही पाहा. ती मिळायला पाहुण्यांचे गुण चांगले लागतात, आणि मालकाला कमिशनही जादा द्यावं लागतं.

या साऱ्याची विचारणा करायचा हक्क आपल्याला आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे जुलै २०२० पासून लागू आहेत. विक्रेत्यांचा क्रम कुठल्या मुख्य निकषांवर लागतो आणि त्यांतल्या कशाला किती वजन, हे बाजारपेठ म्हणून चालणाऱ्या संकेतस्थळाने सोप्या भाषेत, सगळ्यांना सहज सापडेल असं सांगितलं पाहिजे, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा पुढच्या वेळी अजिंठ्या-वेरूळसाठी खोली शोधाल, तेव्हा पानाच्या तळाशी जाऊन तो मजकूर शोधा आणि वाचा. सापडला नाही, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहून विचारा. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं याच नियमांनी बंधनकारक केलं आहे.