दहा पायांचा खेकडा, चौदा पायांची चिप

एका शास्त्रज्ञाच्या शोधनिबंधांची यादी चाळताय. १९३८ : व्हॉल्व्हचं एक नवं सर्किट. १९४० : खेकड्याच्या पायातले चेतातंतू. पहिली शंका काय येईल? नावात घोळ झालाय! एकाच नावाचे दोघे जण एकाच खात्यात शिरलेत.

शंका रास्त आहे. 'एस. पाटील' किंवा 'ए. कुलकर्णी' या नावाने निबंध शोधून बघा, कॅन्सरपासून काँक्रीटपर्यंत सगळं एकाच माणसाने केल्यासारखं दिसेल. म्हणूनच २०१२ पासून संशोधकांसाठी 'ऑर्किड' नावाचा सोळा अंकी क्रमांक आला. आपल्या आधारपेक्षा चार घरं जास्त, आणि शेवटच्या घरात कधीकधी आकड्याऐवजी चक्क 'एक्स'.

पण वरच्या यादीत घोळ नाही. व्हॉल्व्हवालाही तोच आणि खेकडेवालाही तोच. नाव ऑटो श्मिट. जन्म १९१३, अमेरिकेतलं सेंट लुइस.

थोरला जीवशास्त्रात, धाकटा तारांत

ऑटोचा थोरला भाऊ फ्रान्सिस जीवशास्त्रज्ञ. नसांना विजेचे बारीक, मोजूनमापून झटके द्यायचे तर तसं यंत्र हवं, आणि ते बाजारात मिळत नव्हतं. घरात तारा जोडणारं पोरगं होतंच. दोघा भावांनी मिळून असं यंत्र तयार केलं आणि १९३२ मध्ये त्यावरचा निबंध 'सायन्स'मध्ये छापून आला. ऑटो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पुढे त्याने वॉशिंग्टन विद्यापीठात डॉक्टरेट करताना भौतिकशास्त्र आणि प्राणिशास्त्र दोन्ही हातात ठेवलं. नस संदेश कसा पुढे ढकलते हे तो नुसतं बघत नव्हता, तसंच वागणारं सर्किट जोडायच्या मागे होता. त्या खटाटोपातून १९३४ मध्ये जे सुचलं ते १९३८ मध्ये 'थर्मिऑनिक ट्रिगर' या नावाने छापलं गेलं. हे नाव आता कुणाला आठवत नाही. सगळं जग त्याला 'श्मिट ट्रिगर' म्हणतं.

सोसायटीच्या टाकीला विचारा

श्मिट ट्रिगर समजायला इंजिनिअर असावं लागत नाही, गच्चीवर पाण्याची टाकी असली की पुरे. समजा टाकीची मोटर नेमकी अर्ध्या पातळीला चालू-बंद होते. पाणी जरा हिंदकळलं की चालू, जरा वर आलं की बंद, पुन्हा चालू. दिवसभर कटकट, आणि आठवड्यात मोटर जळणार. म्हणून आपण दोन खुणा ठेवतो : पाणी खालच्या खुणेपर्यंत उतरलं की मोटर चालू, वरच्या खुणेला भिडलं की बंद. मधल्या पट्ट्यात पाणी कितीही नाचो, मोटर ढिम्म.

श्मिटचं सर्किट विजेच्या बाबतीत हेच करतं. व्होल्टेज वरच्या खुणेच्या पुढे गेलं की 'हो', खालच्या खुणेखाली आलं की 'नाही', आणि मधल्या थरथरीला किंमत शून्य. नसही अशीच हेकट असते. उंबरठा ओलांडला की पूर्ण पेटते, नाही तर मुळीच नाही. 'थोडीशी पेटलेली नस' असा प्रकार नसतो.

मूळ सर्किटमध्ये दोन व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळ्या, होते. आता पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर '७४१४' मागितली की काळ्या झुरळासारखी एक चिप हातात पडते. तिच्या पोटात सहा श्मिट ट्रिगर. प्रत्येकाला आत यायला एक आणि बाहेर पडायला एक पाय, असे बारा; वर वीजपुरवठ्याचे दोन. एकूण चौदा. (चिपच्या पिनांना आपले दुरुस्तीवाले 'पाय'च म्हणतात, आणि शब्दकोशातल्या कुठल्याही पर्यायापेक्षा तो शब्द मला आवडतो.) पाच व्होल्टवर तिच्या खुणा साधारण ०.९ आणि १.७ व्होल्टला. तिच्या चित्रातल्या त्रिकोणात एक तिरकस, गुंडाळी केल्यासारखी खूण असते. डिप्लोमाच्या पोरांनी ती परीक्षेत चुकवून मार्क घालवलेले असतात.

आणि ७४१४ कधी विकत घेतली नसेल म्हणून बिचकू नका. आर्डुइनोच्या बोर्डावरची चिप बघा, तिच्या इनपुटच्या प्रत्येक पायामागे श्मिट ट्रिगर दबा धरून बसलेला असतो. बटण दाबलं की आतल्या धातूच्या पट्ट्या एकदा टेकून गप्प बसत नाहीत, पाच-सात वेळा उड्या मारतात. एक रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि हा ट्रिगर असं त्रिकूट जमलं की सातऐवजी एकच 'टिक' मोजली जाते.

माकुलाची गोष्ट, चिमूटभर मीठ घालून

श्मिटला हे सर्किट माकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या नसा अभ्यासताना सुचलं असं सगळीकडे छापलेलं असतं. गोष्ट चविष्ट आहे, पण तारखा तिला पुरत्या साथ देत नाहीत. सर्किट सुचलं १९३४ मध्ये. माकुलाचा राक्षसी चेतातंतू शरीरशास्त्रज्ञांच्या टेबलावर आणला तो जॉन झॅकरी यंग यांनी, १९३६ मध्ये. माकुलाला श्रेय द्यायचंच तर बेताने द्यावं. खेकड्याचं श्रेय मात्र पक्कं, ते छापील आहे.

दोन तंतू, एक कुजबुज

डॉक्टरेटनंतर श्मिट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ए. व्ही. हिल यांच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे बर्नार्ड कॅट्झ होता, हिटलरच्या जर्मनीतून १९३५ मध्ये बाहेर पडलेला. (हिल यांना नोबेल आधीच मिळालं होतं, कॅट्झला १९७० मध्ये मिळालं.) कॅट्झ आणि श्मिट यांनी युरोपच्या किनाऱ्यावरचा साधा खेकडा घेतला आणि त्याच्या पायातल्या नसेतून एकमेकांना चिकटलेले दोन तंतू सोडवून काढले. एकातून संदेश सोडला आणि शेजाऱ्याला काय होतं ते पाहिलं.

शेजाऱ्याला कळत होतं! एका तंतूतून संदेश जाताना दुसऱ्याची पेटण्याची तयारी आधी घटायची, मग वाढायची, मग पुन्हा घटायची. दोन्हीकडून जवळजवळ एकदमच संदेश सोडले तर ते एकमेकांचा वेग बदलायचे आणि वारीतल्या दोन टाळकऱ्यांसारखे पावलाला पाऊल जुळवून चालायला लागायचे.

आता कुणाही चिप डिझायनरला ही गोष्ट सांगा, तो कपाळाला हात लावेल. चिपमध्ये शेजारशेजारच्या तारांमधली ही कुजबुज, 'क्रॉसटॉक', ही रोजची डोकेदुखी. शेजारची तार उलट्या दिशेने बदलली की आपली तार रेंगाळते, त्याच दिशेने बदलली की वेळेआधी पोचते, आणि सगळं वेळापत्रक कोलमडतं. इंटिग्रेटेड सर्किट जन्माला यायला अजून अठरा वर्षं होती. खेकडा रांगेत पुढे होता.

दुसऱ्या महायुद्धात श्मिटने विमानातून पाणबुड्या हुडकणाऱ्या चुंबकीय यंत्रावर काम केलं. म्हणजे पाण्यातला हा प्राणी लोखंडी! मग मिनेसोटा विद्यापीठ. तिथे असताना निसर्गाची नक्कल करून यंत्रं घडवण्याला त्याने 'बायोमिमेटिक्स' असं नाव दिलं. १९६९ मध्ये त्याच्या एका निबंधाच्या मथळ्यातच 'बायोमिमेटिक' हा शब्द आला, आणि आता तर तो शाम्पूच्या जाहिरातीतसुद्धा येतो.

तुमच्या सिंकमध्ये पडलेला खजिना

माकुलावर अन्याय नको, त्याचंही थोडं सांगू. नळ-माकूल, गोव्याच्या माणक्यो, आपण साफ करताना आतलं सगळं ओढून फेकतो आणि नळीच्या चकत्या करून तळतो. त्या नळीच्या आतल्या भिंतीवरून जाणाऱ्या पांढुरक्या धाग्यांत हे राक्षसी तंतू असतात. काही जातींत ते एक मिलिमीटरपर्यंत जाड भरतात, बारीक शेवईएवढे. आपला जाडात जाड तंतू मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास. इतके जाड म्हणूनच आधी त्यांना रक्तवाहिन्या समजत. १९०९ मध्ये लिओनार्ड विल्यम्सने हे तंतू असावेत असं लिहूनही ठेवलं होतं, पण कुणी लक्ष दिलं नाही. जाडी कशासाठी? शत्रू दिसला की नळी क्षणात आवळून, पाण्याची पिचकारी मारून पळायचं असतं. तंतू जितका जाड तितका निरोप जलद.

त्या शेवईत १९३९ मध्ये हॉजकिन आणि हक्सली या शरीरशास्त्रज्ञांनी इंग्लंडातल्या प्लिमथला इलेक्ट्रोड घातला. मग युद्ध आडवं आलं. १९५२ मध्ये त्यांनी नसेच्या संदेशाची गणितं मांडली, पण ती सोडवायची वेळ आली तेव्हा केंब्रिजचा संगणक मोठ्या फेरबदलांसाठी बंद! हक्सलीने हाताने दांडा फिरवायचं ब्रुन्सविगा यंत्र घेतलं आणि आकडे दळत बसला. गणित म्हणालं, संदेश सेकंदाला १८.८ मीटर जाईल. माकूल म्हणाला २१.२. चक्की हाताची होती हे लक्षात घेता, पीठ फारच बारीक पडलं.

भराभर

पहिली बॅटरी हीसुद्धा माशाची नक्कल. व्होल्टाने १८०० मध्ये रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात आपल्या चकत्यांच्या उतरंडीची तुलना टॉर्पेडो नावाच्या विजेच्या पाकटाच्या अवयवाशी केली आणि तिला 'कृत्रिम विद्युत अवयव' म्हटलं. त्याआधी, १७७६ पर्यंत, हेन्री कॅव्हेंडिशने तर लाकूड-चामड्याचा अख्खा नकली पाकट बनवला होता. तो झटकाही द्यायचा.

हॉर्सशू क्रॅब हा खेकडा नाहीच, तो कोळी-विंचवांच्या नात्यातला. त्याच्या डोळ्यातला एक भाग उजळला की तो शेजाऱ्यांचा आवाज दाबतो, आणि त्यामुळे कडा उठून दिसतात. हे शोधणाऱ्या हार्टलाइनला १९६७ मध्ये नोबेल मिळालं.

लॅम्प्रे हा जबडा नसलेला, सापासारखा मासा. त्याचा पाठीचा कणा नव्हे, नुसता मज्जारज्जू काढून योग्य द्रावणात ठेवला तरी तो पोहण्याचा ताल धरतो. मासाच नाही, पण पोहणं चालू! १९८० मध्ये यावर लिहिणाऱ्या अ‍ॅव्हिस कोहेन यांचं नाव २००० मध्ये दिसतं ते यंत्रमानवाचे पाय चालवणाऱ्या चिपवरच्या निबंधात. तेव्हा श्मिट हा एकांडा शिलेदार नव्हे.

मिशाची गोष्ट

शेवटचा प्राणी मडपपी. हे कुत्र्याचं पिल्लू नव्हे, उत्तर अमेरिकेतला सॅलमँडर जातीचा उभयचर. जन्मभर कल्ले बाळगतो, जन्मभर पाण्यात राहतो. त्याच्या डोळ्यातल्या पेशी चांगल्या टपोऱ्या, त्यामुळे त्यांत सुई खुपसणं सोपं. वर्बलिन आणि डाउलिंग या संशोधकांनी १९६९ मध्ये त्याचा दृष्टिपटल थरामागून थर सोडवून दाखवला.

कॅल्टेकमध्ये कार्व्हर मीड नावाचे चिपचे मोठे उस्ताद होते. 'मूरचा नियम' हे नाव रूढ करणारे तेच. त्यांच्याकडे जीवशास्त्र शिकलेली एक विद्यार्थिनी आली, मिशा माहोवाल्ड. (मराठी वाचकाचा हात ओठांवर जाणारच. नाइलाज आहे.) ती जन्मली १९६३ मध्ये, मिनीॲपोलिसला. मिनेसोटा विद्यापीठही तिथलंच, श्मिट तेव्हा त्या गावात शिकवत होता. मिशाने मीड यांच्याबरोबर सिलिकॉनचा दृष्टिपटल घडवला आणि त्याचा प्रतिसाद मडपपीच्या डोळ्याशी ताडून पाहिला. १९९१ मध्ये रॉडनी डग्लस यांच्यासह सिलिकॉनची चेतापेशी 'नेचर'मध्ये छापली. १९९६ मध्ये ती गेली, पुरती पस्तिशीचीही नव्हती.

तिच्यापुढची एक अडचण मात्र अगदी पायांची होती. डोळ्यातून मेंदूकडे लाखो तंतू जातात, चिपला पाय मोजके. हजारो पेशींचा निरोप त्या मोजक्या पायांतून बाहेर कसा काढायचा? नस मंद असते, तांब्याची तार तिच्या कैक पट वेगवान. मिशाने तेवढं हेरलं. प्रत्येक पेशी आपल्याला सांगण्यासारखं काही असेल तेव्हाच बोलणार, आणि बोलणार काय तर फक्त स्वतःचा पत्ता. शाळेच्या हजेरीसारखं, पण नाव पुकारायची वाट न बघता. त्या पद्धतीवर चालणारे कॅमेरे आज मिळतात. चौकटीमागून चौकट टिपण्याऐवजी त्यांचा एकेक बिंदू, समोर काही बदललं तरच तोंड उघडतो.

मडपपीला पाय चारच असतात.