यादीतला 'भाऊ'

इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही; जुन्या याद्या वाचण्याचा नाद मात्र आहे. त्या नादातच 'मेफ्लॉवर' जहाजाची प्रवासी-यादी वाचनात आली आणि तिच्यातल्या एका शब्दापाशी मी अडकलो.

१६२०च्या सप्टेंबरात हे जहाज इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातून १०२ प्रवासी घेऊन निघाले. नोव्हेंबरात अमेरिकेतला केप कॉडचा किनारा दिसला. पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ निम्मे लोक दगावले. हे प्रवासी कोण, याचा माग काढणाऱ्यांचा मुख्य आधार म्हणजे विल्यम ब्रॅडफर्डची यादी. ब्रॅडफर्ड स्वतः त्या जहाजावर होता, पुढे वसाहतीचा गव्हर्नर झाला. पण ही यादी त्याने लिहिली १६५१च्या सुमारास, म्हणजे तीस वर्षांनंतर. आपल्याकडच्या परिभाषेत सांगायचे तर ती बखरीच्या जातीची. समकालीन कागद नव्हे.

यादी कुटुंबवार आहे. कार्व्हर यांच्या कुटुंबात जॅस्पर मोर, विन्स्लो यांच्याकडे एलन मोर, ब्रूस्टर यांच्याकडे रिचर्ड मोर आणि त्याचा आणखी एक भाऊ. एकाच आडनावाची चार मुले तीन घरांत विभागलेली, आणि त्यांचे आईबाप जहाजावर कुठेच नाहीत!

याचा उलगडा अमेरिकेत होत नाही. त्यासाठी इंग्लंडमधल्या श्रॉपशायरला परतावे लागते. तिथल्या शिप्टन गावच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदीत ही भावंडे सापडतात : एलन १६१२, जॅस्पर १६१३, रिचर्ड १६१४ आणि मेरी १६१६. म्हणजे यादीतला तो बिननावाचा 'भाऊ' प्रत्यक्षात चार वर्षांची मेरी होती. मृतांची हकिगत सांगतानाही ब्रॅडफर्डने रिचर्डचा भाऊच वारल्याचे लिहिले आहे.

ही मुले एकटी का आली, ते सॅम्युएल मोर याच्या १६२२च्या निवेदनावरून कळते. मुले आपली नसून पत्नी कॅथरिनच्या प्रियकराची आहेत, असा त्याचा दावा होता. त्याने ती वसाहतीच्या चालकांच्या हवाली केली. सात वर्षे त्यांना पोसायचे आणि नंतर प्रत्येकी ५० एकर जमीन द्यायची, असे ठरले होते. मुले कुठे नेली, म्हणून कॅथरिनने सरन्यायाधीशांकडे दाद मागितली. तिला उत्तर म्हणून हा कागद लिहिला गेला. त्या आईने दाद मागितली नसती, तर मुलांचे कोडे कदाचित कोडेच राहिले असते.

यातून मी एक धडा घेतला. यादी नावे देते, पण ती लिहिणाऱ्याच्या आठवणीतून. तिच्याशी गावची नोंद आणि कोर्टकज्जाचा कागद ताडून पाहिल्याशिवाय माणूस हाती लागत नाही. बखर टाकून द्यायची नसते, पण तिच्यावर विसंबूनही राहायचे नसते.

चौघांपैकी तिघे पहिल्याच हिवाळ्यात गेले. एकटा रिचर्ड जगला, दर्यावर्दी झाला. सेलम गावात त्याच्या नावाचा दगड आजही आहे. मेरीला दगड नाही. शिप्टनच्या नोंदवहीतली एक ओळ तेवढी आहे. पण ती मुलगी होती, एवढे सांगायला ती पुरते.