नावातला ‘रिअल’

अनेक प्रोग्रामर मिळून लिहीत असलेल्या सामायिक कोडमध्ये, ठरावीक काम करणाऱ्या आणि नावाने वापरता येणाऱ्या आज्ञासमूहाला ‘फंक्शन’ म्हणतात. संगणकाला त्या नावाचा अर्थ कळत नसला, तरी सहकारी प्रोग्रामर आतील आज्ञा न वाचता बहुधा नावावरच विसंबतो. पीएचपी या भाषेत, वापरकर्त्याचा मजकूर डेटाबेसकडे पाठवण्यापूर्वी त्यातील अवतरणचिन्हांसारखी घातक चिन्हे निष्प्रभ करणारे ‘मायएसक्यूएल एस्केप स्ट्रिंग’ हे फंक्शन होते. परंतु ते डेटाबेस-जोडणीची वर्णसंकेतप्रणाली, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये मांडण्याची पद्धत, विचारात घेत नसल्यामुळे पुढे ‘मायएसक्यूएल रिअल एस्केप स्ट्रिंग’ हे दुसरे फंक्शन आले. ‘रिअल’ या विशेषणाने पहिले फंक्शन जणू नकली ठरले, पण खरा फरक वर्णसंकेताचा आहे, हे मात्र त्यातून कोणालाही उमगणे शक्य नव्हते. प्रचलित कोडमध्ये रुजलेले नाव एकाएकी काढल्यास त्यावर विसंबलेली संकेतस्थळे बंद पडतात, म्हणून दोन्ही नावे २०१५ मधील पीएचपी ७ येईपर्यंत शेजारी शेजारी नांदली. त्यामानाने, मूळ यादीचाच क्रम बदलणाऱ्या जावास्क्रिप्टच्या ‘सॉर्ट’शेजारी २०२३ मध्ये आलेले, नवी यादी देणारे ‘टू सॉर्टेड’ हे नाव अधिक प्रामाणिक आहे.